येसाजीकाकांना ‘रं’

पोशीरच्या मनोजने आमच्या दहिवलीच्या ऑफिसात आल्या आल्या स्वतःचा माउस उपटून कपाटात टाकला. “हात कीबोर्डावरून उचलला की वेळ गेला,” म्हणाला. मी माउसवाली. मी पान खाली सरकवेपर्यंत याचा अर्धा प्रोग्राम दुरुस्त झालेला असायचा. वर “सुनिताताई, अजून तिथंच?” हे आहेच. असा राग यायचा!

तो प्रोग्राम ज्यात लिहायचा, त्या एडिटरची तऱ्हाच वेगळी. एकच बटण तिथं कधी अक्षर उमटवतं, कधी हुकूम ऐकतं. हुकमाच्या वेळी ‘जे’ दाबलं की खालची ओळ, ‘एक्स’ दाबलं की अक्षर गायब, ‘यू’ दाबलं की झालेली चूक मागे. लिहायच्या वेळी मात्र तीच बटणं मुकाट अक्षरं उमटवतात. मनोजची बोटं हे झोपेतही करतील असं त्याला वाटे. मलाही वाटे, पण कबूल कोण करतो?

तो हंगामी होता. खालापूरच्या येसाजीकाकांच्या भातगिरणीला वजनाचा प्रोग्राम पसंत पडला, तर साहेब त्याला कायम करणार होते. काका आले, टोपी नीट करून मोठ्या पडद्यासमोर बसले. त्यांनी एवढंच सांगितलं, की ओल्या भाताचं वजन वेगळं दिसायला हवं.

“दोन मिनिटं,” मनोज म्हणाला.

सकाळी याने गावच्या देवळाच्या सभेची नोटीस टाईप केली होती. कीबोर्ड मराठीतच राहिला, आणि घाईत एडिटरही लिहिण्यावरच राहिला. पडद्याकडे न बघता याने जे-एक्स, जे-एक्स सुरू केलं. मराठी कीबोर्डावर जे म्हणजे ‘र’ आणि एक्स म्हणजे अनुस्वार. पडद्यावर उमटलं: रंरंरंरं. मनोजने वर बघितलं, घाबरला, आणि चूक मागे घ्यायला ‘यू’ बडवत सुटला. यू म्हणजे ‘ह’. हहहहहह.

काकांनी सावकाश वाचलं. “रं? मला? बाप गेल्यापास्नं मला कुनी रं म्हनलं नाय. आनि वर हसतोस?”

साहेब पांढरे पडले. मनोज दोन्ही हात पसरून पडद्यापुढे आडवा उभा राहिला. मला हसू आवरेना, आणि पोराची कीवही आली.

“काका, तुमाला नाय म्हनलं. घाई झाली,” मनोज म्हणाला.

“घाई कुनाला हाय? मी तर दुपारच्या एसटीपर्यंत हितंच हाय.”

मनोज परत खुर्चीत बसला. कुठलं बटण कशाला दाबतोय ते काकांना सांगत सांगत त्याने बदल केला. वीस मिनिटं लागली. काकांना पटलं.

“घेतो,” ते म्हणाले. “पन शिकवाया ह्योच यील. आमची सून हिरू गिरनीवर बसती. तिनं कंप्युटरला अजून हात लावलेला नाय.”

मनोज कायम झाला. गेले तीन महिने तो रोज खालापूरला हिरूवहिनींशेजारी बसतो. वहिनी एका बोटाने ‘भ’ शोधतात. तो सापडेपर्यंत याने हात मांडीवर ठेवून बसायचं, अशी काकांची सक्त ताकीद आहे.