मामाने नेलेला मेंदूचा डबा

सांगू की नको, असं करत इतके महिने गेले. पण आज चहा तुम्ही पाजताय, तर ऐका माझी करामत. फक्त हसायचं असेल तर लवकर हसून घ्या, पुढे जमेल असं वाटत नाही.

माझी धाकटी बहीण वैशाली. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत दिलीय. नवरा मुंबईला कामाला. आम्हाला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. माहेर म्हणून उरलो मी एकटा, महाडला शाळेत विज्ञान शिकवणारा. बारशाला मामाने काय न्यायचं? वाळे, कुंची, झबलं. शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. अक्कल गप्प बसू देते होय?

मेडिकलमध्ये बाळांच्या पावडरच्या दुधाचा डबा दिसला. त्यावर लिहिलेलं, 'डीएचए, मेंदूच्या वाढीसाठी'. हे एक मेदाम्ल. मेंदूच्या नि डोळ्यांच्या जडणघडणीत लागतं. म्हटलं, वाळे काय, बघता बघता लहान होतात, मेंदू जन्मभर पुरतो. दुकानातला सगळ्यात मोठा डबा घेतला. वर चमकीचा कागद आणि लाल रिबीन.

बायकांच्या घोळक्यात तो कागद फाटला आणि सगळ्या जणी आधी डब्याकडे, मग वैशालीकडे बघायला लागल्या. बाळंतिणीच्या दुधाचा विषय आपल्याकडे कोणी चारचौघांत काढत नाही. मी तो रिबीन बांधून नेला होता.

"दूध येत नाय काय गो तुला?" एका म्हातारीने विचारलंच.

"येतं की," वैशाली म्हणाली. आवाज एवढासा. दूध नुकतं कुठे उतरायला लागलं होतं, हे मला नंतर कळलं.

तिथे गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण गप्प बसेल तो मास्तर कसला? पाळण्याशेजारी उभा राहून मी मेदाम्लांवर तासच घेतला.

"मंग आयच्या दुधात ह्ये नसतं काय?" वैशालीच्या सासूबाईंनी विचारलं.

"असतं ना. आईचं दूध तर सगळ्यात उत्तम. फक्त आईला मासे मिळाले पाहिजेत. तिने खाल्ले की ते दुधात जास्त उतरतं."

आता मला काय ठाऊक, बाळाला बाधेल म्हणून सासूबाईंनी तिचे मासे पहिल्या दिवसापासून बंद केलेत?

"म्हंजी माज्या नातवाचा मेंदू मीच आटवला म्हना की, मास्तर," त्या म्हणाल्या. मी घुगऱ्या न खाताच निघालो.

सासूबाईंनी डबा उकिरड्यावर टाकला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो दारासमोरच्या फळीवर मांडला. येणारी-जाणारी विचारायची, ह्यो कसला डबा? "मामानं दिलाय. आमच्या घरचं पुरत नाय ना." वैशाली आत बसून ऐकायची. बाळ रडलं की सगळ्यांची नजर आधी फळीकडे. बाळाला पदराखाली घेतलं की तिला रडूच यायचं. रडून रडून दूध खरंच कमी झालं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला जरा स्वस्थ राहू द्या, बाळाला सारखं अंगावर पाजत राहा, दूध येईल. पण त्या घरात आता स्वस्थ राहणार कशी? शेवटी डबा उघडला.

हे सगळं तिनेच फोनवर सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. बारशानंतर पहिल्यांदाच बोलत होती. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने मागू दिली नाही.

"दादा, डबा संपत आलाय. येताना दुसरा आण."

"आणतो गं. कुठलाही चालेल ना?"

"नको. तोच आण, मेंदूवाला. पोर मामावर जायला नको."

मी हसलो. ती हसेल म्हणून थोडा वेळ फोन कानाला धरून बसलो, तर तिने तो केव्हाच ठेवला होता.