काजळीखालची चीर

“पितळ खोटं बोलत न्हाय. पर आदी त्याचं तोंड धुवा की!” असं म्हणत मामा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उजेडात धरत आणि एक डोळा मिटून तिच्यात डोकावत.

सोलापुरातल्या एका रायफल क्लबात मी कारकून होतो आणि हे सगळ्यांचे मामा तिथली हत्यारं सांभाळत. मूळचे कर्नाटकाच्या सीमेजवळच्या दुधनीचे. उमेदीची सगळी वर्षं सैन्यात, शस्त्रं दुरुस्त करण्यात गेलेली. मराठीत सुरू झालेलं त्यांचं वाक्य रागाच्या भरात कन्नडात संपायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती कामात असली की आपण आपला चहा मुकाट प्यायचा.

सरावासाठी पुंगळ्या पुन्हा भरून वापरायची क्लबाला परवानगी होती. भरण्याआधी मामा त्या चिंचेच्या पाण्यात हातानं घासत. एकदा शुक्रवार पेठेतल्या एक शिक्षिका सराव करत होत्या. बार उडाला आणि पुंगळीच फाटली. बाईंचा गाल भाजला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. काजळीखाली लपलेली चीर मामांच्या नजरेतून सुटली होती.

“अपघात आहे, मामा. होतं कधीतरी,” सेक्रेटरी म्हणाले.

“हुतं न्हाय, साहेब. मी हू दिलं.”

भरलेली सगळी काडतुसं मामांनी कुलपात टाकली आणि दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून एमआयडीसीत गेले. येताना पुंगळ्या धुवायच्या यंत्रासाठी जुन्या यंत्रमागाचे दोन रूळ घेऊन आले. रुळांवर त्यांनी सायकलची ट्यूब चढवली, त्यावर दोन्ही तोंडं बंद केलेला प्लास्टिकचा जाड पाइप आडवा ठेवला. मोटार घरच्या बिघडलेल्या इडलीच्या ग्राइंडरची.

“घरात इचारत्यात मोटार कुटं गेली. तुमी काय बोलू नका!”

पाइपात पुंगळ्या, स्टीलच्या तारेचे बारीक तुकडे, पाणी, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्त्व. बटण दाबलं, आणि झाकण उडून माझ्या टेबलाखाली गेलं. पुढे आठवडाभर आमच्या चपलांतून तारा निघत होत्या.

“फरशी तर झाली की चकचकीत!” मामा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला झाकण टिकलं, पण पाइप एवढा गरगरला की पुंगळ्या आत कडेलाच चिकटून राहिल्या. काळ्या गेल्या, काळ्याच बाहेर आल्या. मग बराच वेळ कन्नड ऐकू आलं. शेवटी मोठी पुली बसवली. पाइप सावकाश फिरू लागला, आतून सुपात ज्वारी पाखडल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा मामांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

तीन तासांनी टॉवेलवर ओतलेल्या पुंगळ्या आतूनसुद्धा लखलखत होत्या. त्यांतल्या अकरांच्या बुडाजवळ केसाएवढी रेघ दिसली. मामांनी त्या एकेक करून दगडावर ठेवल्या आणि हातोड्यानं चपट्या केल्या.

दोन महिन्यांनी बाई आल्या, पण रायफलीला हात लावेनात. मामांनी त्यांच्यापुढे पुंगळ्या आणि भिंग ठेवलं.

“बाई, तुमी तपासा. तुमी निवडाल तेवढ्याच भरतो.”

उत्तरपत्रिका तपासाव्यात तशा बाई तासभर एकेक पुंगळी फिरवून बघत राहिल्या. त्या भरून झाल्यावर बाईंनी पाच गोळ्या झाडल्या. पाचही वेळा मामा त्यांच्या गालाजवळ गाल नेऊन बसले होते.

तेव्हापासून दर रविवारी दोघं मिळून पुंगळ्या तपासत. अशी काही वर्षं गेली. एका रविवारी मामांनी चांगल्या म्हणून बाजूला काढलेल्या ढिगातली एक पुंगळी बाईंनी उचलली.

“मामा, ही बघता का जरा?”

मामांनी ती भिंगातून पाहिली, उन्हात नेऊन पाहिली. मग अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं.

“बरोबर हाय तुमचं,” ते म्हणाले. भिंग त्यांनी बाईंच्या हातात दिलं, चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

“मामा, मोतीबिंदू असेल. काढून घ्या आणि या परत,” मी म्हणालो.

“काढतो की. पर हे काम आता बाईंचं.”

आवाजात खंत नव्हती. टोपी नीट बसवून ते ताठ चालत निघाले. फाटकाशी थांबले, वळले. बाई धावत दारात आल्या.

“पाणी दर खेपेला बदला, बाई!” मामा तिथूनच ओरडले, आणि दुधनीची गाडी पकडायला गेले.