पाहुण्यांचे आवाज

श्रीशारदेला वंदन करून, यंदाच्या दसऱ्याला आमच्या साताऱ्याच्या घरी जे ऐकले ते लिहितो.

घशाच्या शस्त्रक्रियेत माझ्या मुलाचा आवाज कायमचा गेला. त्यापूर्वी तो सांगलीत रॉक गात असे. त्याने रचलेल्या गाण्यांचा अल्बम यंदा पूर्ण झाला. गाणी मात्र निरनिराळ्या पाहुण्या गायकांनी गायली. सरस्वतीपूजनात आम्ही पोथ्यांशेजारी त्याची गिटार मांडली. पूजेत ठेवलेले वाद्य उत्तरपूजेपर्यंत वाजवायचे नसते, म्हणून संध्याकाळी त्याने अल्बमच लावला.

"काका, कान सांभाळा, लय दणका हाय," त्याचा ड्रम वाजवणारा मित्र मला म्हणाला.

"अरे, वेदघोषात वाढलोय मी. होऊ दे मोठा."

दणक्याखाली चाली गोड होत्या. नवा आवाज उमटला की माझी मान वर होई, आणि तो परक्याचाच निघे. शेवटच्या गाण्यात कोणीच गायले नाही. गिटार तेवढी वाजत राहिली.

"इथे गायला कोणी मिळालं नाही का?" मी विचारले.

मुलाने मोबाइलवर लिहून दाखवले, "हे मी गाणार होतो, बाबा."

पाठशाळेत एकाचा श्वास संपला की शेजारच्याने तोच मंत्र पुढे न्यावा, अशी आमची रीत होती. मी तोंड उघडले. पण त्या गाण्याचा एकही शब्द मला ठाऊक नव्हता. ते तसेच संपले.

वाचकहो, तुमच्या घरातल्या माणसांच्या हाका शारदामाता तुम्हांला अखंड ऐकू येऊ देवो. तुम्हां सर्वांचे कल्याण असो.