फुगणारी लाट

लातूर जिल्हा झाला आणि नांदेडच्या तंत्रशाळेतून लातूरच्या नव्या वर्गाच्या वाट्याला तीन ऑसिलोस्कोप आले. विजेची चाल पडद्यावर हिरव्या लाटेत दाखवणारी ही यंत्रं. त्यांच्याच जीपमधून मीही आले, एक मांडीवर घेऊन. दुष्काळाचं वर्ष, रस्ताभर धुरळा, आणि मी वेड्यासारखी खूश. शिकवायची पहिली नोकरी! पण तात्पुरती. तपासणीत प्रयोगशाळा पसंत पडली तर वर्ग लातूरला राहणार, नाहीतर यंत्रांसकट मी परत नांदेडला, वडिलांचं "तरी मी सांगत होतो" ऐकायला.

सगळ्यात म्हातारं यंत्र वाटीएवढ्या गोल पडद्याचं. त्यात लाट ठरायचीच नाही, पळत सुटायची. बटण केसभर फिरवून तिची मनधरणी करावी लागे. मधल्यात कुणा शहाण्यानं युक्ती केली होती: लाट ठरावीक उंचीला आली की मगच रेघ निघायची, त्यामुळे चित्र जागच्या जागी उभं. पण त्यापायी दिव्यासारखे तापणारे एवढे काचेचे व्हॉल्व्ह कोंबले होते की पंखा असूनही खोलीची भट्टी व्हायची. तिसरं चौकोनी पडद्याचं, सडपातळ. निम्म्या व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आलेले, आणि बाहेरची वीज कितीही खालीवर होवो, आतली स्थिर. अगदी गुणी बाळ. माझा जीव मात्र म्हाताऱ्यावर.

कारण त्याला एक खोड होती. वीज कमी पडली की त्याची लाट आखडायच्या ऐवजी फुगायची आणि फिकी व्हायची. गल्लीच्या बोअरची मोटर आमच्याच डीपीवर होती. मोटरनं वीज ओढली की लाट फुगे, आणि थोड्या वेळानं गल्लीच्या नळाला पाणी येई. मोटर कधी सुरू होईल याचा काही नेम नव्हता. हे मी एकदा खिडकीतून कोपऱ्यावरच्या मावशींना सांगितलं आणि संपलंच! रोज खिडकीशी घागरी. "पोरी, फुगली का गं?" मावशी विचारायच्या. शिकवता शिकवता मी ओरडले, "फुगली!" की अख्खी गल्ली नळाकडे. एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता.

तपासणीच्या दिवशी प्राचार्यांनी म्हाताऱ्यावर चादर टाकली. "जुनाट दिसतं," म्हणाले. नांदेडहून कडक इस्त्रीचे साहेब आले. मी गुणी बाळ लावलं. लाट जागची हलेना. खिडकीतल्या बायाही तिच्याकडेच टक लावून. साहेब मान डोलवत होते, आणि मी मनातल्या मनात लातूरला खोली घेऊन पडदेसुद्धा लावले.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. पलीकडच्या गल्लीतल्या बाया आमच्याच नळावरून भरलेल्या घागरी घेऊन चालल्या होत्या. मावशी थेट वर्गात शिरल्या.

"सायेब, ह्ये नवं यंत्र बिघडलंय! मोटर सुरू होऊन किती येळ झाला, अन् ह्ये हाललं बी न्हाई!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बिघडलंय?"

प्राचार्यांचा चेहरा उतरला. माझे पडदे तर केव्हाच खाली आले होते. मी चादर ओढून फेकली आणि म्हातारं सुरू केलं. व्हॉल्व्ह तापू दिले. एकच लाट दोन्ही यंत्रांना दिली. म्हाताऱ्यावर ती फुगून फिकी पडलेली.

"आता मोटर थांबेल तेव्हा बघा," मी म्हणाले.

बोअरला पाणी ते केवढं! मोटर लवकरच थांबली. म्हाताऱ्याची लाट आकसून लख्ख झाली. नव्याची तसूभरही हलली नाही.

"गेलं पाणी!" बाया हळहळल्या, आणि मी निर्लज्जासारख्या टाळ्या पिटल्या.

"म्हणजे नवं बिघडलेलं नाही," साहेब म्हणाले.

"न्हाई सायेब, लई चांगलं हाय! म्हणून तर ते सांगत न्हाई!" आनंदाच्या भरात माझ्या तोंडून घरची बोली सुटली.

साहेब हसत सुटले. चष्मा पुसत प्राचार्यांना म्हणाले, "यंत्रं इथंच ठेवा. वर्गही. आणि मॅडमही."

"म्हंजी उद्यापासून परत सांगशील न्हवं?" मावशींनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायलाच लागले.

"आगं, पाणी वाया घालू नगं," म्हणत मावशींनी रिकामी घागर खाली ठेवली आणि पदरानं माझं तोंड पुसलं.