मिरचीवाले शेठ आणि त्यांचा कायदा

रजेचा अर्ज समोर आला की आमचे शेठ डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटायचे. "काय करानं माय, कायदा शे!" म्हणायचे आणि सही ठोकायचे.

नंदुरबारला मिरचीचा कारखाना त्यांचा. देठ खुडायला तीसेक बायका, ऑफिसात मी एकटी. रजेचं नाव काढलं की आठ्या घालणारे मालक तुम्हीही पाहिले असतील. आमचे शेठ आठ्या घालायचे, वर तोंडही सोडायचे, पण रजा द्यायचे. धडगावकडची एक बाई बाळंतपणाला निघाली तेव्हा कॅलेंडर उलटत ओरडले, "सव्वीस हप्ता! तितलामां दोन पिकं निंघतस!" पण मुकादम तिच्या जागी दुसरी कायमची घ्यायला निघाला, तर त्याच्याच अंगावर धावले. "ती येई. जागा तिनी शे."

ती आली, बाळ घेऊन. मिरचीच्या ठसक्यानं लेकरू शिंकून शिंकून बेजार. शेठनी आपली केबिन रिकामी केली, तिथे झोळी बांधून दिली आणि स्वतःचं टेबल मिरची वाळत घातलेल्या अंगणाकडच्या पडवीत नेलं. "पाळणाघर कायदामां शे," नाक पुसत सांगायचे. मग दिवसभर शिंका त्यांच्या. आम्ही पदरात तोंड लपवून हसायचो.

माझ्यावर वेळ आली ती आईला लकवा झाला तेव्हा. घरात आम्ही दोघीच. कूस वळवायलाही तिला माणूस लागायचं. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि नाही सोडली तर तिच्याजवळ बसायचं कोणी? शेवटी राजीनामा लिहून नेला. शेठनी तो टराटरा फाडला. "मायनी सेवाकरता तीन महिना, भरपगारी. कायदा शे. वाचत जाय जरा!" आई शेवटचा घास माझ्या हातून खाऊन गेली. ते सुख मला या माणसामुळे मिळालं.

पुढे कागदपत्रं तपासायला एक सल्लागार आला आणि माझ्या रजेची नोंद बघून मला चक्क हसला. आईच्या आजारपणासाठी खासगी कारखान्याला अशी सक्ती नाही म्हणे, आणि इतक्या कमी बायकांसाठी पाळणाघराचीही नाही. मी तणतणत शेठकडे गेले. "खोटं का बोललात?"

"मन्ही माय गई तवय मी सुरतले व्हतू, गिरणीमां," ते म्हणाले. "मालकनी सोडं नही. पोचनू तं राख बी गार व्हयेल व्हती."

उपकार म्हणून दिली असती तर मी ती रजा घेतली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मागच्या हंगामात शेठनी अंथरूण धरलं. मुलं पुण्याला, येऊन-जाऊन. मी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला आणि त्यांच्या खाटेशी नेला. सही करणारे अजून तेच. कारण लिहिलं होतं, ‘वडील आजारी आहेत.’

त्यांनी दोनदा वाचलं. "तुन्हा बाप तं मागेच मरी गया ना, माय?"

त्यांनी पेन मागितलं. सही वाकडी आली. मी तिथेच त्यांच्या उशाशी बसले.

शेवटचा घास त्यांनीही माझ्याच हातून घेतला. रजा आठ दिवसांची होती. पाचच लागले.