सावडीतला उजवा हात

१२ जून २०२३ रोजी कापडे गावच्या चंद्राबाईने महाडला मनगटाच्या एमआरआयचे सहा हजार चारशे पन्नास रुपये भरले. एक्स-रेत काही दिसले नव्हते, यात दिसले. उजव्या मनगटातल्या एका लहानशा हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता आणि ते आतल्या आत मरत चालले होते. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, ऑपरेशन नको. मनगटाचा ताठ पट्टा तीन महिने काढायचा नाही, भार द्यायचा नाही. हाड खचले, तर मनगट कायमचे गेले.

हात मोडला असता तर बरे, असे तिला वाटे. मोडलेला हात लोकांना दिसतो.

वाडीतली भातलावणी सावडीवर चाले. पाच घरांनी मिळून एकेकाचे शेत लावायचे, आणि घेतलेले हात हातांनीच फेडायचे. जुलैत तिचे शेत लावून झाले. मुंबईहून मुलगी अक्षदा रजा काढून आली आणि आईच्या बदली तीन घरी लावून गेली. उरली बनुबाई. चंद्राबाईचा नवरा मोरू मुंबईहून फोनवर म्हणाला, मजुराचे पैसे पाठवतो. बनुबाईने ते उडवूनच लावले.

"पैशानं सावड फिटत नाय गो चंद्रा. हात तं धडधाकट दिसतोय. पट्टा काय मिरवाया बांधलायस?"

चंद्राबाई गेली. उजव्या हाताच्या बोटांत रोपांची मूठ अडकवून डाव्या हाताने लावू लागली. रोपे वाकडी बसत, काही तरंगत. लग्न होऊन आल्यापासून लावणीत तिच्यापुढे कुणी गेले नव्हते. आज शेजारच्या सदूची बायको तिच्यामागून गुपचूप रोपे पुन्हा खोचत येत होती. ते दिसले आणि तिचे डोके फिरले. पट्टा सोडून तिने बांधावर भिरकावला. दुपारपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. जेवायला बसली तेव्हा त्या हाताने भाकरी मोडेना. तशीच उठून घरी गेली.

महाडला डॉक्टरांनी सुजलेले मनगट पाहिले, पुन्हा फोटो काढला.

"हाड अजून खचलेलं नाही. पण मागचे आठवडे फुकट गेले. आजपासून पुन्हा तीन महिने. बाई, पट्टा काढायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

कुणीच सांगितले नव्हते. तिला तेच जास्त लागले.

बनुबाईच्या शेतातला अर्धा दिवस अजून द्यायचा आहे.