तिसऱ्या कुलपाचं उत्तर

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. पांढरकवड्याला हायवेवर बाबांचं ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं ते पेंटरला मी सांगितलं होतं, तेवढंच माझं आजवरचं लेखन. पण एका मुलीच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली आणि ती सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

मी यवतमाळला बी.एड. करत होतो. इंटर्नशिपसाठी झरी जामणी तालुक्यातली एक शाळा मिळाली आणि सहावीचं नागरिकशास्त्र माझ्याकडे आलं. पहिले दोन तास मी फळ्यावर व्याख्या लिहिल्या, मुलांनी त्या उतरवल्या, आणि तास संपल्यावर कुणालाच काही आठवेना. मलाही नीट आठवत नव्हत्या, हे खरं सांगतो.

म्हणून मी एक खेळ तयार केला. मोबाइलवर एक फॉर्म आणि प्रत्येक पानावर एक कुलूप. गोष्ट अशी, की तुम्ही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात अडकला आहात; पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं टाइप केली, की एकेक कुलूप उघडतं आणि शेवटी बाहेर पडता येतं. उत्तर चुकलं तर लाल अक्षरं येतात, दार बंदच राहतं. मी दोन रात्री खपून तो खेळ केला आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होतो.

शाळेच्या टीव्हीला माझा मोबाइल जोडला. मुलं बाकांवर उभी राहिली. पहिलं कुलूप अडलं ते उत्तरानंतर एक मोकळी जागा सुटल्यामुळं. फॉर्मला तेवढंही चालत नाही, हे मला तिथंच कळलं. दुसरं उघडलं. तिसऱ्याचा प्रश्न होता, ग्रामसभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसतं? मी उत्तर घातलं होतं, सरपंच.

टाइप करायची पाळी एका मुलीची होती. जवळच्या जंगलातल्या गावाहून चालत यायची, बोलायची कमी. तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'माझी आई'.

लाल अक्षरं आली. वर्ग हसला.

"काहून वं, खुर्ची घरून घेऊन जाते का तुही आई?" मागून एक जण म्हणाला.

"सर, हिची आई सरपंच झाली, आपल्याले पेढेच नाही भेटले," दुसरा म्हणाला.

मी पण हसलो. हेच मला सांगायचं होतं. मी पण हसलो, मोबाइल तिच्या हातून घेतला आणि पुढच्याकडे दिला.

सुट्टीत ती माझ्याजवळ आली. "सर, आमच्या गावात सरपंच खालीच बसते जी, लोकायसंगं. मागच्या बारीले खुर्चीवर सगळ्यायनं माह्या आईले बसवलं होतं."

"असेल," मी म्हणालो, "पण पेपरात सरपंचच लिहायचं."

ती 'हो' म्हणाली. त्यानंतर तिनं माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही. खेळ पुन्हा लावला तर मागच्या बाकावर जाऊन बसायची, पाळी आली की मोबाइल शेजारणीला द्यायची.

इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा होता. परतीच्या एसटीची वाट बघत उभा असताना तिथले ग्रामसेवक भेटले. सहज बोलता बोलता मी तो किस्सा विनोद म्हणून सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी रस्त्याकडेच्या पाटीकडे बोट दाखवलं. त्या पाटीवर 'पेसा गाव' असं लिहिलेलं. रोज तिच्याखाली उभा राहायचो. मला वाटायचं, स्वागताची पाटी असेल.

"सर, हा आदिवासी क्षेत्राचा भाग आहे," ते म्हणाले. "इथं कायदा वेगळा, पेसाचा. सरपंच, उपसरपंच, सदस्य, कोणीच अध्यक्ष नाही होत. हजर लोक आपल्यातून एकाले निवडते. पोरगी बरोबर होती. तुमचंच चुकलं."

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायचं ठरवून गेलो. ती आली नव्हती. मामाकडं लग्न होतं. तिसऱ्या दिवशीही नाही. मग माझी इंटर्नशिप संपली. वर्गाला मी खरी गोष्ट सांगितली, पण जिला सांगायची ती तिथं नव्हती.

यवतमाळला आल्यावर मी तिसरं कुलूप बदललं. प्रश्नात 'आपल्या गावात' हे शब्द घातले आणि उत्तर केलं, 'लोकांनी निवडलेली व्यक्ती'. मग त्याच्या जोडीला दुसरं उत्तर घातलं, 'माझी आई'. फॉर्म तेवढं ऐकतो. नवी लिंक वर्गशिक्षकांना पाठवली, सोबत लिहिलं, 'त्या मुलीची पाळी नक्की द्या.' तिकडं रेंज कमी, त्यांच्यामागं कामं जास्त. दिवाळी गेली, माझी परीक्षा झाली, उत्तर नाही. परत विचारायचा धीर होत नव्हता. तिनं मोबाइल हातात घेतलाच नाही तर, असंही वाटायचं. घेतला आणि या वेळी घाबरून 'सरपंच' लिहिलं तर मग माझ्यामुळं तिला खोटंच पाठ झालं.

परवा दुकानात बाबांना टायर उतरवायला मदत करत होतो तेव्हा वर्गशिक्षकांचा आवाजी मेसेज आला. हात काळे होते, बाबांनीच तो लावला. मागं वर्गाचा गलका होता. सर सांगत होते, बंद पडलेला टीव्ही दुरुस्त झाला, आज खेळ लावला, तिसऱ्या कुलपाला तिला उठवलं. मोबाइल शेजारणीला दिला नाही. मग लिहिलं, 'माझी आई'. दार उघडलं.

"आणि ती मले म्हणते," सर म्हणाले, "सर, मी तं तेव्हाबी हेच लिवलं होतं."